घरातली लाईटची कामं: गल्लीतल्या वायरमनला काय सांगायचं आणि काय नाही

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही डोंबिवलीत सासऱ्यांच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय, बिल्डिंग तीसेक वर्षांची असेल. मिस्टर शिपवर असतात त्यामुळे सगळी कामं माझ्याकडे. हॉलचा फॅन एकदम हळू फिरतो, किचनची ट्यूब लुकलुकते, बेल बंद आहे, वॉशिंग मशीनचा सॉकेट तपकिरी पडलाय आणि कधीकधी वास येतो. पावसात ईएलसीबी सारखा पडायचा म्हणून गेल्या वर्षी एकाने तो डायरेक्ट करून दिला. फ्रीजला ओला हात लागला की मुंग्या येतात. शिवाय बेडरूमला एसी बसवायचाय आणि जुना गिझर काढून इन्स्टंट लावायचाय. वॉचमन म्हणतो समोरच्या गल्लीतला वायरमन चांगला आहे, दीर म्हणतात ॲपवरूनच बोलवा, आणि मुलगा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे तो म्हणतो व्हिडिओ बघून मीच करतो. कोणाला काय सांगू?"

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी फ्रीजचा प्लग काढा. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, बटण बंद करायचं आणि मग प्लग ओढायचा. दूध-भाजी एक-दोन दिवस शेजारी ठेवा, शेजारी नाही म्हणत नाहीत. तुमच्या यादीत एसी सगळ्यात मोठं काम वाटतंय आणि फ्रीजच्या मुंग्या तुम्ही मध्येच एका ओळीत लिहून गेलात, पण मला त्या ओळीचीच काळजी वाटली.

कारण असं की फ्रीजच्या पत्र्याला मुंग्या येतात म्हणजे कुठून तरी करंट पत्र्यावर उतरतोय आणि त्याला जमिनीत जायला अर्थिंगची वाट मिळत नाहीये, म्हणून तो तुमच्या हातातून जातोय. अशा वेळी करंट गळला की लगेच लाईट तोडून जीव वाचवायलाच तो ईएलसीबी असतो (आता जो मिळतो त्याला आरसीसीबी म्हणतात, घरासाठी ३० मिलीअँपियरचा लावतात), आणि तोच तुमच्याकडे डायरेक्ट केलेला, म्हणजे त्याला वगळून वायर सरळ जोडलेली आहे. आता लोक म्हणतात एमसीबी (लाईनमधून जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे ना, तो पडेल. नाही पडणार. १६ अँपियरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपियरचा, आणि माणसाला मारायला त्याच्या एक टक्क्यापेक्षाही कमी करंट पुरतो, त्यामुळे तुम्हाला शॉक बसतोय हे एमसीबीला कळणारच नाही. एमसीबी वायरीसाठी असतो, आरसीसीबी माणसासाठी. ज्याने तो डायरेक्ट करून दिला त्याने पैसे घेऊन तुमच्या घरातली एकुलती एक राखण काढून टाकली, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण हे घरोघरी होतं आणि लोक "आता पडत नाही, मस्त झालं" म्हणून खूश असतात.

आता मूळ प्रश्न, कुठलं काम कोणाचं. बहुतेक जण काम छोटं की मोठं यावरून ठरवतात आणि तिथंच चुकतं. मी स्वतः आयटीआयमधून वायरमन ट्रेड केलाय आणि माझं मत असं आहे की एकच गोष्ट विचारायची: हे काम झाल्यावर भिंतीतल्या वायरीतून आधी जात होता तेवढाच करंट जाणार आहे की जास्त? आधीसारखंच राहणार असेल, म्हणजे जुनी वस्तू काढून तशीच नवी बसवायची असेल, तर गल्लीतला वायरमन एकदम योग्य माणूस. लोड वाढणार असेल, नवीन लाईन ओढायची असेल, मेन बोर्ड किंवा अर्थिंग बदलायचं असेल तर लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर. आणि मीटर किंवा त्याच्या पलीकडचं, बाहेरून येणाऱ्या लाईनचं काही असेल तर महावितरण, दुसरं कोणीही नाही.

हे माझ्या मनाचं नाहीये, कायद्यातही रेघ तिथंच आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम असाच होता आणि पुढे २०१० च्या आणि आताच्या २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही तेच चालू आहे, की दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला लायसन लागत नाही, पण जोवर त्या बदलाने इन्स्टॉलेशनची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही तोवरच. त्यापुढचं सगळं लायसनधारक विद्युत ठेकेदाराने करायचं. आपल्याकडे बरेच जण त्याला अजून पीडब्ल्यूडी लायसन म्हणतात. आणि हे पण लक्षात घ्या की गल्लीतला वायरमन म्हणजे बिनलायसनचा असं काही नसतं, कित्येकांकडे स्वतःचा वायरमन परमिट असतो आणि ते एखाद्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली कामं करतात, तर सरळ विचारायचं, "दादा परमिट आहे का, मोठं काम कोणाच्या लायसनवर करता?" चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

तर फॅन, ट्यूब, बेल आणि तो सॉकेट हे चारही समोरच्या गल्लीतल्या वायरमनला द्या, आणि एकाच फेरीत द्या. एका बेलसाठी बोलावलं तर तो आज येतो उद्या येतो करत राहणार, त्याचंही बरोबर आहे, जाण्यायेण्यात त्याचा अर्धा दिवस जातो. चार कामांची यादी आणि फोटो व्हॉट्सॲपवर आधी पाठवलेत तर सामान घेऊनच येईल. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी ही माणसं डेकोरेशनच्या आणि माळांच्या कामात अडकलेली असतात तेव्हा थोडं आधीच बोलवा.

फॅन हळू फिरतो त्याला बहुतेक वेळा कंडेन्सर जबाबदार असतो, साध्या सिलिंग फॅनला बरेचदा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, वस्तू स्वस्त आणि काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण आधी रेग्युलेटर फुल करून बघा, फुलवरही हळूच असेल तर कंडेन्सर, आणि फुलवर नीट फिरून मधल्या स्पीडलाच गडबड असेल तर रेग्युलेटर. घरघर आवाज येत असेल तर बेअरिंग, मग फॅन खाली उतरवून दुकानात द्यावा लागतो. वायरमन स्टुलावर चढलाच आहे तर हुकाचं रबर आणि रॉडच्या बोल्टमधली कॉटर पिन बघायला सांगा, तीस वर्षांच्या घरात ते कोणी बघितलेलं नसतं आणि फॅन डोक्यावर असतो.

ट्यूब जुनी चोक-स्टार्टरवाली असेल तर दुरुस्त करत बसू नका, एलईडी पट्टी लावून घ्या. फक्त एक निरीक्षण करा, मिक्सर लावल्यावर किंवा फ्रीज चालू झाल्यावरच लुकलुकते का, आणि किचनमधले बाकीचे दिवेही तेव्हा मिणमिणतात का. तसं असेल तर दोष ट्यूबचा नाही, कुठेतरी न्यूट्रल, म्हणजे फेजमधून आलेला करंट परत नेणारी वायर, लूज आहे आणि ती शोधायला हवी, नवी पट्टी लावूनही ती लुकलुकणारच. आणि हेच कधी अख्ख्या घरात झालं, म्हणजे काही दिवे अचानक भगभगीत आणि काही मंद, तर एक सेकंद न थांबता मेन बंद करा. बिल्डिंगला येणाऱ्या थ्री फेजचा न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी घरात ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात आणि टीव्ही, फ्रीज सगळं जातं. तेव्हा वायरमन नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

सॉकेटबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो कारण वायरमन कसा आहे ते इथं कळतं. सॉकेट तपकिरी पडतो तो बहुतेक वेळा लूज कनेक्शनमुळे, आतला स्क्रू ढिला झाला की तिथं उष्णता तयार होते आणि प्लॅस्टिक भाजत राहतं, पण करंट वाढलेला नसतो म्हणून एमसीबी पडत नाही. त्यामुळे "एमसीबी पडला नाही म्हणजे काही नाही" असं समजून मशीन लावत राहू नका, वास येतोय म्हणजे आजपासून तो सॉकेट बंद. आता वायरमनला विचारा, दादा हा का जळला? "कंपनीचा सॉकेट हलका होता, भारीतला टाकू" एवढंच उत्तर देऊन त्याच भाजलेल्या वायरीवर नवा सॉकेट लावला तर सहा महिन्यांत परत तेच. काम येणारा माणूस वायरीचं काळं पडलेलं, कडक झालेलं टोक कापून टाकतो, मागे चांगलं चकचकीत तांबं लागेपर्यंत जातो, स्क्रू आवळून वायर ओढून बघतो, आणि मग मेन बोर्डात जाऊन त्या लाईनच्या एमसीबीचाही स्क्रू बघतो. तुमच्या वयाच्या बिल्डिंगमध्ये काही ठिकाणी ॲल्युमिनियमची वायरसुद्धा सापडते, आणि तांब्याशी तिचा पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेली असली की तो जोड हमखास तापतो. तसं निघालं तर तेवढी लाईन बदलायची आणि हे काम मग लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या खात्यात गेलं.

एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका. १६ चा एमसीबी सारखा पडतोय म्हणून ३२ चा टाकून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा. दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलीमीटर) वायर लाईट-फॅनसाठी असते, पॉवर पॉइंटला अडीच, एसीला चार, आणि एमसीबी त्या वायरीला शोभेल असा लावतात. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा टाकला तर आता वायर आधी जळणार आणि एमसीबी नंतर पडणार, भिंतीच्या आत. ईएलसीबी डायरेक्ट करणारी आणि एमसीबी मोठा करणारी बहुतेक एकच माणसं असतात. मागच्या वर्षी आलेल्या माणसाला परत बोलवू नका एवढंच म्हणतो.

माणूस घरात आला की पहिली पाच मिनिटं फक्त बघा. मेन बंद करतो का की "काही होत नाही" म्हणून चालू लाईटवर हात घालतो? इन्व्हर्टर आहे का असं विचारतो का? हे फार महत्त्वाचं आहे, मेन पाडलं तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला लाईट असतेच. टेस्टरच्या भरवशावर असतो की मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर काढतो? टेस्टर फसवतो, न्यूट्रल तुटलेला असला की सॉकेटच्या दोन्ही भोकात टेस्टर पेटतो आणि नवखा माणूस "डबल फेज आलाय" म्हणून गोंधळतो. बटण न्यूट्रलवर लावलेलं असेल तर बटण बंद केल्यावरही होल्डरमध्ये फेज असतोच. जो माणूस "हे माझं काम नाही, यासाठी अमक्याला बोलवा" म्हणतो त्याचा नंबर जपून ठेवा.

आता ईएलसीबी. तो पावसातच पडायचा म्हणजे कुठेतरी ओल धरते, बाल्कनीतला पॉइंट, बाथरूमची भिंत, बाहेरच्या बाजूचा जॉइंट बॉक्स. हे शोधायचं काम समोरचा वायरमन करू शकतो, त्याची तयारी हवी. आधी नवा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी लावायचा, जुना तीस वर्षांचा असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मग सगळे एमसीबी पाडून एकेक चालू करत जायचं, ज्यावर पडेल ती लाईन. पण सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर बरेच जण "आरसीसीबीच खराब" म्हणून सोडून देतात, आणि खरं म्हणजे साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, आणि न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबी पडतो. म्हणून न्यूट्रल पण एकेक सोडवून बघावा लागतो आणि मेगर लावून कुठल्या वायरीचं इन्सुलेशन गेलंय ते बघावं लागतं. ज्याच्याकडे मेगर नाही त्याने तसं सांगावं, मग कॉन्ट्रॅक्टर. बसवल्यावर महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण तुम्हीच दाबा, खटकन पडला पाहिजे.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्याला हात घालावासा वाटतो ही चांगली गोष्ट आहे. पण बोर्ड उघडायचा नाही. त्याला याहून उपयोगी काम द्या: एकेक एमसीबी पाडून कुठले पॉइंट बंद होतात ते कागदावर लिहायचं आणि तो कागद मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवायचा. हा कागद असला की वायरमनचा निम्मा वेळ वाचतो, आणि रात्री काही झालं तर तुम्हाला अंधारात चाचपडावं लागत नाही. बल्ब बदलणं, बेलचे सेल बघणं (तुमची बेल वायरची असेल तर ती तशीच ठेवून प्लगमध्ये लावायची कॉर्डलेस बेल आणलीत तरी चालेल), आरसीसीबीचं टेस्ट बटण, एवढं त्याचं. आणि एक त्याला पक्कं सांगून ठेवा, कोणाला शॉक लागून चिकटलं तर हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचं, मग १०८.

दिरांचं ॲपचं म्हणणंही चुकीचं नाही, ठरलेला रेट असतो, बिल मिळतं, फॅन लटकवणं, एसीची सर्व्हिसिंग अशा कामांना ठीक आहे. पण दर वेळी वेगळा माणूस येतो आणि तुमच्या बिल्डिंगची वायरिंग कशी आहे, कुठला जॉइंट कुठल्या भिंतीत आहे हे त्याला माहीत नसतं. जुन्या घराला एक कायमचा माणूस लागतो, ज्याने सॉकेट लावला तोच उद्या गरम होतोय म्हटल्यावर दोन गल्ल्या ओलांडून येईल असा. म्हणून या कामांना मी गल्लीतल्याकडेच झुकतो. मजुरीत घासाघीस करू नका, सामानात मात्र डोळे उघडे ठेवा: आयएसआय मार्क, दुकानाचं बिल, आणि काढलेली जुनी वस्तू तुमच्यासमोर ठेवायची. वॉरंटीत असलेली वस्तू, मग ती मशीन असो की इन्व्हर्टर, त्याला उघडायला देऊ नका, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

एसी आणि इन्स्टंट गिझर हे दोन्ही लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि आधी हिशोब करून. तुमचा जुना स्टोरेज गिझर बहुधा २००० वॅटचा असेल म्हणजे ८.७ अँपियर, इन्स्टंट ३००० वॅटचा म्हणजे १३. बाथरूमच्या सॉकेटच्या मागे अडीच एमएमची चांगली वायर असेल तर चालेल, दीडची असेल तर नाही, आणि हे सॉकेट उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आता सकाळचं चित्र डोळ्यासमोर आणा, गिझर ३०००, दीड टनाचा एसी साधारण १७००, इस्त्री १०००, मायक्रोवेव्ह १२००, झाले ६९००, भागिले २३०, बरोबर ३० अँपियर, आणि फ्रीज, फॅन, मशीन अजून धरलेलेच नाहीत. मीटरपासून घरापर्यंत येणारी तीस वर्षांपूर्वीची वायर हे पेलणार का हा खरा प्रश्न आहे, बेडरूममध्ये सॉकेट लावणं सोपंच आहे. लाईट बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल, तिथं कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट मागू शकतात, म्हणूनही लायसनवालाच हवा. एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र चार एमएमची लाईन आणि स्वतंत्र एमसीबी, हॉलच्या सॉकेटमधून पट्टी मारून ओढलेली लाईन नको. मला विचाराल तर इन्स्टंट गिझरचा नाद सोडा, नवा स्टोरेजचाच घ्या, लोड आहे तेवढाच राहील आणि काम समोरच्या वायरमनचंच होईल, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरकडे फक्त एसी उरला.

परत फ्रीजकडे येतो. वायरमनला सांगा सॉकेटच्या तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का ते बघ. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून दिवा फुल पेटला की बरेच जण "अर्थिंग एक नंबर" म्हणतात, पण जुन्या घरात कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा टाकलेला असतो, तरीही दिवा फुलच पेटतो. नवा आरसीसीबी आधी बसवलात तर हे उघडं पडतं: अर्थिंग खरं असेल तर दिवा लावताच आरसीसीबी पडलाच पाहिजे, दिवा पेटला आणि तो पडला नाही तर अर्थ खोटं आहे. तसा तुकडा दिसला तर तो काढूनच टाकायचा, कारण न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यावरून अख्खा फेज फ्रीजच्या पत्र्यावर येतो. पाण्याच्या पाइपला अर्थ बांधलेलं सापडलं तर तेही काढायचं.

आणि घरातली अर्थची वायर नीट निघाली पण खाली मीटर रूमपर्यंतच काही पोचत नसेल, तर मग तो प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. अर्थचा खड्डा सोसायटीचा असतो, बरेचदा त्यावर पार्किंगच्या लाद्या बसलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं कोणी त्यात पाणी घातलेलं नसतं. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, वायरमनने मोजलेलं लिहून जोडा, वरखालच्या दोन घरांना विचारा की तुमच्याही फ्रीजला, गिझरला मुंग्या येतात का, त्यांच्या सह्या घ्या. लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून नवीन अर्थिंग करून घ्यायचा खर्च सगळ्यांत वाटला की फार येत नाही. तोवर फ्रीज बंदच ठेवा, आणि गिझरलाही तीच शंका असल्यामुळे पाणी गॅसवर तापवून घ्या.